टांझानिया, व्हाया वाशिम

बॅग भरली, लसी टोचून घेतल्या, स्वाहिलीचे पहिले वीस शब्द पाठ झाले. वर्षभर परदेशात व्हॉलंटिअर म्हणून जायची तयारी झाली, असं वाटत असतानाच गावाहून मोठेबाबांचा फोन आला...

‘टांझानिया? म्हणजे ते किलिमांजारोवालं? वॉव, किती हटके!’

‘पगार नाही? वर्षभर? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?’

‘सिंहासोबत सेल्फी पाठव हं!’

बातमी फुटल्यावर पुण्यातल्या मित्रमंडळींच्या या पहिल्या तीन प्रतिक्रिया. चौथी आईची होती. ती काहीच बोलली नाही. फक्त दोन दिवस भाजीत मीठ जास्त पडत होतं.

तर मंडळी, बातमी अशी की मार्च महिन्यात मी चाललेय टांझानियाच्या उत्तर भागात, मन्यारा प्रांतातल्या बाबाती या गावाजवळ. अरुशाहून डोडोमाकडे जाताना वाटेत लागतं ते. तिथल्या शेतकऱ्यांच्या एका सहकारी संघासोबत वर्षभर काम करायचं. राहण्या-खाण्यापुरता भत्ता मिळणार, पगार नाही. माझी डिग्री मास कॉमची. सध्या फ्रीलान्सिंग करते, म्हणजे महिनाअखेर मानधनाच्या चेकची वाट बघते. त्यामुळे ‘करिअरमध्ये गॅप पडेल’ ही भीती मला फारशी नव्हती. गॅपमध्येच तर करिअर चाललंय!

तयारी मात्र एकदम झोकात केली. मेडिकल, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, मलेरियाच्या गोळ्या, तीन चौकोनी पिनांचा प्लग, सोलरवर चालणारा दिवा. संस्थेनं दोन दिवसांचं ओरिएंटेशन दिलं. त्यात एक आलेख दाखवला. परक्या देशात गेल्यावर पहिले काही आठवडे हनिमून, मग एकदम घसरण, मग हळूहळू रुळणं. मी तो वहीत नीट उतरवून घेतला. त्याच संध्याकाळी मोठेबाबांचा फोन आला.

‘आफ्रिकेत जाऊन राह्यली म्हनते? जाय. पन आधी इकडं ये. तुरी सोंगून राह्यलो आपन.’

सुट्टीतलं गाव

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वाशिम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यात आमचं मूळ गाव. बाबा शिकून पुण्याला आले, मोठेबाबा शेतीवर राहिले. माझ्यासाठी गाव म्हणजे दिवाळीची सुट्टी, भावंडं आणि मोठीआईच्या हातचं वरण-फळ. यंदा जानेवारीत पहिल्यांदाच मी सुट्टी नसताना गावी गेले.

वाशिम म्हटलं की शहरातली माणसं ‘म्हणजे कुठं?’ असंच विचारतात. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. तालुके सहाच: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा. पण ‘छोटासा जिल्हा’ म्हणून नाक मुरडू नका. हे वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याची सोळा नंबरची लेणी ज्या वराहदेवानं कोरून घेतली, तो याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री. म्हणजे आपण अजिंठ्यात जाऊन ज्याचे फोटो काढतो, त्यातलं बरंच वैभव या बाजूच्या खजिन्यातून आलेलं!

आता पोहोचणं सोपं झालंय. पुण्याहून संभाजीनगरपर्यंत नेहमीचा ट्रॅफिक सोसायचा आणि मग समृद्धी महामार्ग. तो थेट वाशिम जिल्ह्यातून जातो. शेलूबाजारला उतरलं की पाच मिनिटांत सगळा वेग संपतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गव्हाचे आणि हरभऱ्याचे हिरवे चौकोन, आणि मध्येच वाळलेल्या तुरीचे तपकिरी पट्टे. सोयाबीनच्या काही ओळी आणि मग तुरीची एक ओळ, अशी पावसाळ्यात पेरणी होते. सोयाबीन दिवाळीच्या आसपास निघून जातं. तूर मात्र एकटी उभी राहते, जानेवारीपर्यंत.

‘तिथलं बोलता येते का तुले?’ चहा हातात पडायच्या आत मोठीआईचा प्रश्न.

मी लगेच शाइन मारली. म्हटलं, स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’, चहाला ‘चाई’, गाडीला ‘गारी’ आणि विम्याला ‘बिमा’ म्हणतात. दारात उभं राहून ‘होडी’ म्हणायचं, आतून ‘कारिबू’ आलं तरच घरात पाऊल टाकायचं. वडीलधारं माणूस दिसलं की ‘शिकामो’ म्हणायचं, ते ‘मराहबा’ म्हणतात. भारतीय माणसाला ‘म्हिंदी’ म्हणतात, आणि मक्याला ‘माहिंदी’!

‘म्हंजे तिथं आपन कनसं,’ मोठीआई म्हणाली आणि पोट धरून हसली.

तूर? तिकडे पण?

दुसऱ्या दिवशी शेतात मळणीयंत्र लागलं होतं. तुरीच्या मळणीची धूळ कधी अंगावर घेतलीय? सगळ्या अंगाला खाज सुटते, नाकातोंडात भुसा जातो. एका बाजूला कुटाराचा ढीग, दुसऱ्या बाजूला तुराट्यांच्या पेंढ्या, आणि मध्ये पोत्यात पडणारे लालसर दाणे. दुपारी बांधावर बसून भाकर आणि ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी खाल्ली. ही भाजी थंडीतच मिळते. पुण्यात ती कुठल्याही मेन्यूकार्डावर नाही, हे पुण्याचं दुर्दैव.

‘तिथं नेमकं काय करशीन तू?’ मोठेबाबांनी विचारलं.

मी ओरिएंटेशनमध्ये शिकवलेलं उत्तर दिलं. शेतकऱ्यांच्या संघाला संवादाच्या कामात मदत. बाजारभावाची माहिती सोप्या भाषेत पोहोचवणं, स्थानिक रेडिओसाठी कार्यक्रम वगैरे.

‘पिकते काय तिथं?’

‘मका. आणि मक्याच्या मध्ये तूर.’

मोठेबाबांच्या हातातला घास थांबला. ‘तूर?’

‘हो. म्बाझी म्हणतात तिला. जुलैनंतर निघते त्यांची.’

‘अन् ते तूर येते कुठं?’

मला उत्तर माहीत होतं. आपल्याकडेच येते. बाबातीच्या बाजूचे लोक तूर पिकवतात ती मुख्यत: भारताला विकायला.

‘म्हंजे ज्याईची तूर बंदरावर उतरली का आमचा भाव पडते, त्याईले मदत कराले चालली तू?’ मोठेबाबा रागावले नव्हते. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

वाचकहो, पुण्यातल्या एकाही मित्रानं हा प्रश्न विचारला नव्हता. माझ्या अर्जात ‘तुम्हाला तिथे का जायचंय?’ या रकान्यात मी तीनशे शब्द लिहिले होते. त्यात ‘तूर’ हा शब्द एकदा आला होता, आणि ‘वाशिम’ एकदाही नाही.

एक डाळ, दोन रांगा

त्या रात्री मी जुन्या बातम्या काढून बसले. तुम्हालाही आठवत असेल, २०१५ मध्ये तूरडाळ २०० रुपये किलोवर गेली होती. आपण ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पातळ वरणावर जोक केले. सरकारनं दोन गोष्टी केल्या: इथल्या शेतकऱ्याला तूर पेरायला सांगितलं आणि बाहेरून डाळी आणायचे मार्ग मोकळे केले. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी तूर खरेदीचा करारही झाला. त्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि तुरीचं विक्रमी पीक आलं. २०१७ च्या सुरुवातीला बोनस धरून हमीभाव होता क्विंटलला ५,०५० रुपये, आणि बाजारात भाव त्याच्या कितीतरी खाली. सरकारी खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. कुठे बारदाना संपला, कुठे गोदामं भरली. मोठेबाबा अकरा रात्री ट्रॉलीवर झोपले होते, हे मला आत्ता कळलं. तेव्हा मी कॉलेजात होते आणि फेसबुकवर ‘मंडे ब्लूज’ टाकत होते.

गोष्ट इथेच संपत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये भारतानं तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. तिकडे टांझानिया आणि मोझांबिकमध्ये काढणीचा हंगाम होता. भारत घेणार म्हणून लोकांनी तूर पेरली होती. घेणारं गिऱ्हाईकच मागे हटलं आणि तिथले भाव कोसळले. पुढे मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली आणि ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली.

सकाळी मी हे सगळं मोठेबाबांना सांगितलं. ते बराच वेळ दात घासत राहिले. मग चूळ भरून म्हणाले, ‘म्हंजे आमचा भाव पडला, अन् त्याईचा बी पडला. शहरात डाळ तं स्वस्त झाली नाही तेवढी. मंग मधातलं कोन खाते?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वहीत लिहून घेतलं. आलेखाच्या शेजारच्या पानावर.

आलेले आणि राहिलेले

वाशिम हा देशातल्या ११२ आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. २०१८ मध्ये ती योजना सुरू झाली. महाराष्ट्रातले असे जिल्हे चार: वाशिम, गडचिरोली, नंदुरबार आणि धाराशिव. त्यामुळे बाहेरून कोणीतरी ‘विकास’ करायला येणं इथे नवीन नाही. सर्व्हेवाले येतात, फेलोशिपवाले येतात, कॉलेजची शिबिरं येतात. मी ज्या बाजूनं चालले होते, त्याच्या दुसऱ्या बाजूला मोठीआई वर्षानुवर्षं बसलेली आहे! आणि तिला काय वाटतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

ज्वारी पाखडता पाखडता तिनं सगळ्यांचे मार्क सांगितले. एकजण मोटारीतून आला, बायकांना उन्हात ओळीनं उभं करून फोटो काढले, एक बोर्ड लावून गेला. बोर्ड अजून आहे, त्यावर आता मिरच्या वाळत घालतात. एकजण रोज मीटिंग घ्यायचा, नेमकी निंदणाच्या वेळेला. ‘बोलाचा लय गोड. पन आमाले टाइम कुठं?’

आणि एक मुलगी होती. बरीच वर्षं झाली. ‘तिनं पैले महिनाभर काहीच केलं नाही बाप्पा. नुसती आमच्यासंगं निंदाले यायची. तिले खुरपं धरता येत नव्हतं, आमी हासाचो. मंग एक दिवस तिनं विचारलं, बचत गटाची वही कोन लिहिते? म्या म्हटलं, सचिवाचा पोरगा. तं म्हने, तुमी काऊन नाही लिहित?’

ती वही मोठीआईनं काढून दाखवली. आज ती तिच्याच अक्षरात आहे. आकडे जरा वाकडे, पण बेरीज बरोबर. त्या मुलीचं आडनाव तिला आठवत नाही. ती शिकवून गेली आणि तिच्याशिवाय काम चालू राहिलं.

‘तुले त्याईनं बलावलं हाय का?’ मोठीआईनं सहज विचारलं.

‘म्हणजे?’

‘म्हंजे, त्याईनं म्हटलं का, आमाले मानूस पायजे? का तूच चालली?’

हा प्रश्न साधा नाही, बरं का. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. चोळकर. ते उगाच गेले नव्हते. जपानशी युद्ध चालू असताना चीनचे सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली होती. कोटणीस तिथे चिनी भाषा शिकले, तिथल्याच सहकारी नर्सशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. आणि उलट बाजूही आपण पाहिलीय. अमेरिकेचे पीस कोअरचे तरुण १९६१ पासून १९७६ पर्यंत भारतात येत होते. तेव्हा आपण बोलावणारे होतो.

पण मला कोणी बोलावलं होतं? संस्थेनं निवड केली, हे खरं. तिकडच्या संघानं नेमकं काय मागितलं होतं, हे मी विचारलंच नव्हतं. रात्री गच्चीवर रेंज पकडून मी संस्थेच्या को-ऑर्डिनेटरला मेल टाकली: त्यांचा मूळ विनंती अर्ज बघायला मिळेल का?

पोहरादेवीच्या वाटेवर

उत्तराची वाट बघत घरात बसण्यापेक्षा चुलतभावाच्या बाइकवर मागे बसून मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला गेले. बंजारा समाजाची ही काशी. सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, रामनवमीला देशभरातून लोक येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथे बंजारा विरासत संग्रहालय उघडलं. इमारतीचा आकार नगाऱ्यासारखा आहे.

तिथे उभी असताना एक गंमत लक्षात आली. रेल्वे यायच्या आधी या देशात धान्य आणि मीठ एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेणारे लमाण बंजारेच होते. हजारो बैलांचे तांडे घेऊन ते निघायचे. कुठे काय पिकतं आणि कुठे काय भाव आहे, हे त्यांना तोंडपाठ असणार. आज तूर कंटेनरमधून हजारो किलोमीटर प्रवास करते. पण पिकवणाऱ्या दोन माणसांना एकमेकांचा भाव ठाऊक नसतो.

येताना रस्त्यावर भावानं एक तुरीचं शेत दाखवलं. अर्धी झाडं उभीच वाळली होती. मर रोग. तो म्हणाला, यावर टिकणारी ‘मारुती’ आणि ‘आशा’ ही वाणं हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमधून आली. मी चाट पडले. कारण बाबातीबद्दल वाचताना हेच नाव भेटलं होतं! तिथल्या शेतात ‘माली’ नावाचं तुरीचं वाण आहे, तेही इक्रिसॅटचंच. बियाणं कधीच दोन्हीकडे पोहोचलंय. आपणच मागे राहिलोय.

काटापट्टी

निघायच्या आदल्या रात्री मेल आली. सोबत संघाचा अर्ज, स्वाहिलीतून इंग्रजीत केलेला. रेडिओ कार्यक्रमाचा उल्लेख होता, पण शेवटी. पहिली मागणी वेगळीच होती. त्यांना शक्यतो भारतातलं माणूस हवं होतं. कारण त्यांची तूर भारतात जाते, आणि तिथे ती किती रुपयांना विकली जाते हे त्यांना कोणी सांगत नाही. व्यापारी सांगतो तो भाव.

मी तो कागद मोठेबाबांना मराठीत वाचून दाखवला. दोनदा.

ते उठले, आतल्या खोलीतली पत्र्याची पेटी काढली. तीत प्लॅस्टिकच्या पिशवीत बाजार समितीच्या काटापट्ट्या होत्या. २०१७ पासूनच्या. वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात आलेली रक्कम. एकूण एक.

‘याचे फोटो काढ,’ ते म्हणाले. ‘त्याईले सांगजो, इथल्या शेतकऱ्याले एवढे भेटले. म्हनावं, खोटं नाही, पट्टी हाय.’

मी फोटो काढत बसले. एकेक पट्टी सरळ करून ते कंदिलाच्या काचेसारखी जपून धरत होते. तुमची-माझी सॅलरी स्लिप आपण अशी कधी धरली नसेल. मला वाटलं होतं ते अजून नाराज असतील. नाराजी होतीच. ती गेली नाही, आणि त्यांनी तसं दाखवलंही नाही. त्यांची तूर आली की आपला भाव पडतो, हे गणित एका मेलनं बदलत नाही. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ८,००० रुपये आहे, आणि तो बाजारात मिळेल की नाही याची काळजी त्यांना आजही आहे.

मग त्यांनी मला प्रश्न लिहायला सांगितले. एकरी किती पिकते? मजुरी किती देता? अळी पडली का काय फवारता? कर्ज कोन देते? पोरं शेती करतात का? असे एकोणीस प्रश्न. उपदेश एकही नाही.

ओरिएंटेशनचा आलेख त्याच वहीत आहे. हनिमून, घसरण, रुळणं. पण आता माझ्या वहीत त्याच्यानंतर बरीच पानं आहेत.

शेलूबाजारच्या फाट्यावर सोडायला आलेले मोठेबाबा गाडी सुटताना खिडकीशी वाकले. मला वाटलं, ‘सांभाळून राहा’ म्हणतील.

‘अन् आयक,’ ते म्हणाले, ‘येताना त्याईची बी पट्टी आनजो. मले पाहाची हाय.’

तुम्हालाही जायचंय? मग हे बघा

• कुठे शोधाल? ब्रिटनमध्ये १९५८ साली सुरू झालेली व्हीएसओ आणि जर्मनीतल्या बॉनहून चालणारं युनायटेड नेशन्स व्हॉलंटिअर्स ही दोन जुनी, नावाजलेली दारं. बहुतेक जागांसाठी एखाद्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव मागतात. ‘मला समाजसेवेची आवड आहे’ एवढ्यावर भागत नाही.

• पैसे? साधारण राहण्या-खाण्याचा भत्ता मिळतो. जाण्याआधी ईएमआय, विमा आणि घरच्यांची सोय याचा हिशेब कागदावर मांडा. परत आल्यावर हाती काही महिन्यांचा खर्च असू द्या.

• लस. पिवळ्या तापाची लस लागते का, हे तुमच्या देशावर आणि वाटेतल्या मुक्कामावर ठरतं. लागत असेल तर किमान दहा दिवस आधी घ्या. जुलै २०१६ पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, ते जपून ठेवा.

• घड्याळ. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. आपले सात म्हणजे त्यांचा एक. पहिल्या मीटिंगची वेळ दोनदा विचारा!

• सर्वात महत्त्वाचं. ज्यांच्याकडे जाताय त्यांचा मूळ विनंती अर्ज मागून वाचा.

• आणि वाशिम? मुंबईहून रेल्वेनं अकोला, तिथून पातूर-मालेगावमार्गे बसनं वाशिम. गाडी असेल तर समृद्धी महामार्ग. वाशिमचं बालाजी मंदिर, कारंज्याचं नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि पोहरादेवी, दोन-तीन दिवस हाताशी हवेत. जानेवारीत गेलात तर तुरीच्या सोल्यांची भाजी चुकवू नका. भाव मात्र विचारून घ्या.